खूण काढलेल्या फाइली

डिस्क मरायला टेकली आहे हे मला कळायच्या आधी माझ्या सासूबाईंना कळलं, आणि ते त्यांनी मला सगळ्या प्रेससमोर सांगितलं. "तुझ्या त्या खोलीतलं कपाट कालपासून कुरकुरतंय," त्या म्हणाल्या. "आज तर मध्येच थांबतं आणि परत सुरू होतं. कान असले तर जाऊन ऐक."

आमची प्रेस ब्रेल पुस्तकं छापते. सासूबाई तिथल्या मुख्य तपासनीस, सव्वीस वर्षं झाली. वयाच्या चौथ्या वर्षापासून त्यांना दिसत नाही. मी तिथले संगणक सांभाळतो. आधी मी प्रेसमध्ये लागलो, तेव्हा त्या मला ‘अरे-तुरे’ करायच्या; मग त्यांच्याच मुलीशी लग्न झालं आणि मी घरी ‘तुम्ही’ झालो. त्यामुळे घरी ‘अजून थोडं घ्या ना’ आणि प्रेसमध्ये ‘कान असले तर जाऊन ऐक’, असा माझा दुहेरी संसार गेली नऊ वर्षं चालला आहे. जावई हा दहावा ग्रह असतो म्हणतात. प्रेसमध्ये त्या ग्रहाची शांत त्या रोज सकाळी उरकून टाकतात.

मी जाऊन ऐकलं. कपाटातल्या मोठ्या यंत्रातून टक्‌ टक्‌ टक्‌ असा आवाज येत होता, मग काही क्षण काहीच नाही, मग पुन्हा टक्‌ टक्‌. ज्यानं हा आवाज एकदा ऐकलाय त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

त्या डिस्कवर प्रेसची सगळी पुस्तकं होती, पण त्यांची मला चिंता नव्हती. ती छापलेली होती, गोदामात होती, वाचनालयांत होती. चिंता होती शब्दकोशाची. चाळीस हजार शब्द, दोन हजार तीनशे सोळा फाइली. टायपिस्टांनी तो भराभर टाइप करून दिला होता आणि त्यात चुका तांदळातल्या खड्यांसारख्या विखुरलेल्या होत्या. सासूबाई तीन वर्षांहून जास्त काळ रोज सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन तो संगणकाला जोडलेल्या, ठिपके उमटवणाऱ्या पट्टीवर बोटांनी वाचत होत्या, दुरुस्त करत होत्या. संगणक त्यांच्या कानात वाचून दाखवतो, त्या आवाजाला त्या पोपट म्हणतात. पण पोपट शब्द बोलतो, ठिपके बोलत नाही. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर पोपटाला त्याचं काही नाही. ते बोटालाच कळतं. हा कोश छापून झाला की त्या निवृत्त होणार होत्या. छपाई अजून सुरू व्हायची होती. कागदावर त्यातलं एक पानही नव्हतं.

"बॅकअप आहे ना?" त्यांनी दारातून विचारलं.

"रोज होतो, आई. तुम्ही काळजी करू नका," मी म्हणालो, आणि ते म्हणताना मला खरोखर तसंच वाटत होतं. प्रेस बंद झाली की बॅकअपचा प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा आणि नव्या-बदललेल्या फाइलींची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवायचा. सकाळी मला निरोप यायचा: ‘काम पूर्ण झालं, सूचनांसह.’ रोज तोच निरोप बघून मला कंटाळा आला होता, म्हणून मी ते निरोप परस्पर एका वेगळ्या कप्प्यात जातील अशी सोय करून टाकली होती. आपण फार हुशार आहोत असं मला तेव्हा वाटलं होतं.

तो कप्पा मी उघडला. त्या ‘सूचना’ काय आहेत ते आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. शब्दकोशाच्या प्रत्येक फाइलीपुढे एकच ओळ होती: ‘परवानगी नाही. वगळली.’ दोन हजार तीनशे सोळा वेळा. आदल्या दिवशीच्या अहवालात तेच, त्याच्या आदल्या दिवशी तेच. मी मागे मागे जात राहिलो. तीन वर्षं दोन महिने मागे गेल्यावर ती ओळ यायची थांबली. त्या काळातल्या प्रती केव्हाच पुसल्या गेल्या होत्या, कारण जुन्या प्रती वर्षभरानं काढून टाकायच्या हा नियमही मीच केलेला.

तीन वर्षं दोन महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते मला लगेच आठवलं. एका टायपिस्टनं सासूबाईंनी तपासलेल्या फाइलीत चांगुलपणानं एक शब्द ‘सुधारला’ होता, आणि त्यापुढच्या सगळ्या ओळी सरकल्या होत्या. त्यांनी ते बोटांनी पकडलं आणि त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. मला या फोल्डरला कुलूप हवं, म्हणाल्या, आणि किल्ली फक्त माझ्याकडे. मी ते करून दिलं. फाइली उघडायची परवानगी ज्यांना आहे त्यांची एक यादी केली आणि त्यात एकच नाव ठेवलं, त्यांचं. संचालकांनासुद्धा उघडता येईना, तेव्हा मी घरी छाती फुगवून सांगितलं होतं की असं पक्कं कुलूप या शहरात कोणी लावून दाखवावं. माझी बायको म्हणाली होती, तुम्ही लावलंय ना, मग बघूच.

बॅकअपचा प्रोग्राम माणूस नसला तरी त्यालाही आत जायला नाव लागतं. मी त्याचं नाव ‘पहारेकरी’ ठेवलं होतं. यादीतून सगळ्यांना काढताना मी पहारेकऱ्यालाही काढलं होतं. तो बिचारा रोज येत होता, दार ठोठावत होता, मला लेखी कळवत होता आणि परत जात होता.

हे सासूबाईंना सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. मी आधी डिस्क दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला आणि आवाज ऐकवला. त्यानं चुकचुक केली. म्हणाला, त्या डिस्कवर काही लिहू नका, काही बदलू नका, एकेका फाइलीची परवानगी बदलत तर मुळीच बसू नका. फक्त वाचून घ्या, आणि ज्याच्याशिवाय जगता येणार नाही ते आधी घ्या. आज संध्याकाळपर्यंत टिकेल का, असं विचारल्यावर तो म्हणाला की ते डिस्कलाच विचारा.

सुदैवानं परवानगीची यादी त्या डिस्कवर नव्हती, दुसऱ्या यंत्रावर होती. फाइलींना हात न लावता मी यादीत पहारेकऱ्याचं नाव घातलं. कुलूप तेच राहिलं, किल्लीवाला एक वाढला. मग बॅकअप हातानं सुरू केला आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिलो. मी नखं खात नाही, पण त्या दिवशी खाल्ली. चार मिनिटांत निरोप आला: ‘काम पूर्ण झालं. त्रुटी: शून्य.’

मी उठून जवळजवळ धावतच सासूबाईंच्या खोलीत गेलो. त्या ब्रेलच्या पट्टीवर हात ठेवून बसल्या होत्या, पण वाचत नव्हत्या, कान कपाटाकडे होते. मी सांगितलं की थोडी भानगड झाली होती, पण निस्तरली, सगळं सुखरूप आहे, एकही त्रुटी नाही.

"किती फाइली घेतल्या?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. परत आलो आणि अहवाल खालपर्यंत वाचला. एकोणतीस. दोन हजार तीनशे सोळांपैकी एकोणतीस फाइली घेतल्या होत्या. बाकीच्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. परवानगी नाही असं नाही, उघडता आली नाही असं नाही. त्या जणू तिथे नव्हत्याच. मला वाटलं, डिस्क आतून पुसली गेली. पहारेकऱ्याच्या नावानं मी फोल्डर उघडला, फाइली होत्या. एक उघडली, उघडली. पलीकडे कपाट टक्‌ टक्‌ करत होतं आणि इकडे मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

मी ती एकोणतीस नावं आणि बाकीची नावं शेजारी शेजारी लावली. आकार सारखे, प्रकार तोच, मालक एकच. शेवटी सर्वात उजवीकडचा एक चिंचोळा रकाना दिसला, जो आपण कधी बघत नाही. एकोणतीस फाइलींपुढे त्यात ‘ए’ हे अक्षर होतं. बाकीच्यांपुढे तो रकाना रिकामा होता.

हे ‘ए’ म्हणजे काय ते मला माहीत असायला हवं, त्याचाच मला पगार मिळतो. प्रत्येक फाइलीला यंत्र काही बारीक खुणा लावतं. ‘ए’चा अर्थ, ही फाइल बदलली आहे, हिची प्रत घ्यायची राहिली आहे. फाइलीत एक ठिपका जरी बदलला तरी यंत्र आपणहून ही खूण लावतं. बॅकअप फक्त खूण असलेल्या फाइली घेतो आणि घेतल्यावर खूण काढतो. परवानगी नव्हती तोवर त्याला खुणाही दिसत नव्हत्या, म्हणून तो सरसकट सगळ्या फाइलींची तक्रार करत होता. आता इथे तीन वर्षांत बॅकअपनं एकही फाइल घेतली नव्हती, म्हणजे खूण सगळ्यांवर असायला हवी होती. यंत्र ती आपणहून काढत नाही. कुणीतरी ती काढली होती, दोन हजार दोनशे सत्त्याऐंशी वेळा. आणि आत जायची परवानगी एकाच माणसाला होती.

मी परत त्यांच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं, खुर्ची ओढून समोर बसलो आणि या वेळी सगळं सांगितलं. कुलूप, पहारेकरी, न वाचलेले निरोप, एकोणतीस. मग मी विचारलं की फाइलीच्या नावापुढे एक ‘ए’ असतो, त्याला तुम्ही काही केलं का.

"तो मी काढते," त्या म्हणाल्या. "फाइल तपासून झाली की काढते. पोपट यादी वाचताना नावापुढे ‘ए’ म्हणाला की ती राहिलीय. नाही म्हणाला की झालीय. आणि झालेल्या फाइलीत कुणी नाक खुपसलं तर ‘ए’ आपोआप परत येतो. म्हणजे मला कळतं."

डोळस माणूस यादीवर लाल पेनानं टिक करतो. त्यांना अशी खूण हवी होती जी कानाला ऐकू येईल, आणि यंत्राच्या पोटातून त्यांनी ती शोधून काढली होती. मोहोर म्हणून ती उत्तम होती. फक्त जी फाइल त्यांनी पूर्ण निर्दोष केली, नेमकी तीच ‘हिची प्रत नको’ असं बॅकअपला सांगत होती. आणि टायपिस्टांच्या चुका जशाच्या तशा असलेल्या एकोणतीस फाइली तेवढ्या सुखरूप पोहोचल्या होत्या.

"मला विचारायचं तरी," मी म्हणालो. आवाज चढला होता.

"विचारलं होतं. घरी, जेवताना. हे ‘ए, ए’ काय बडबडतो म्हणून. तुम्ही म्हणालात, काही नाही, यंत्राचं आपलं काहीतरी असतं, तुम्ही लक्ष देऊ नका. काही नाही म्हणालात, म्हणून वापरायला घेतलं."

ते जेवण मला आठवत नव्हतं. पण मी तसंच म्हणालो असणार यात शंका नव्हती, कारण तोंडात घास असला की मी सगळ्याच प्रश्नांना तसं उत्तर देतो.

खुणा न बघता सरसकट सगळं उचलायला मी एक साधा प्रोग्राम लावला आणि नवी डिस्क जोडली. कुठून सुरुवात करू, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘अ’पासून. त्यांची खुर्ची मी कपाटाजवळ आणली, कारण आवाजातला फरक माझ्याआधी त्यांना कळत होता. ‘अ’च्या फाइली सरसर गेल्या. ‘क’ला वेग कमी झाला. ‘न’च्या मध्यावर यंत्र एकाच फाइलीवर नऊ मिनिटं अडून राहिलं आणि मी त्या नऊ मिनिटांत प्रेस सोडण्याचं पत्र मनात दोनदा लिहिलं. मग ती फाइल सरकली. ‘प’ म्हणजे कोशातला एक डोंगर. तो चढायला दीड तास लागला.

मध्येच बायकोचा फोन आला. आईनं साखरेची गोळी घेतली का, खाल्लं का, असं विचारत होती. मी म्हटलं की इथे जीव टांगणीला लागलाय आणि तुला गोळीचं पडलंय. ती म्हणाली, तुमचा जीव कायम टांगलेलाच असतो, गोळी दुपारी एकदाच असते. मी सासूबाईंना पाणी दिलं. गोळी त्यांच्या बोटांतून निसटून खाली पडली. त्यांनी ती शोधली नाही, दुसरी द्यायला सांगितली.

‘र’ गेला. ‘ल’ गेला. ‘व’च्या सात फाइली राहिल्या होत्या, टकटक आता सलग येत होती, आणि तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "‘व’ झाला की थांब."

मला वाटलं, त्यांना काही ऐकू आलं. विश्रांती देऊया का, असं मी विचारलं.

"विश्रांती नाही. थांब. पुढचं राहू दे."

पुढे ‘श’ होता, ‘ष’ होता, ‘स’ होता, ‘ह’, ‘क्ष’, ‘ज्ञ’. सगळ्या मिळून चारशेच्या आसपास फाइली. मी म्हटलं, अहो आई, ‘स’ सोडून शब्दकोश कसला. त्या खुर्चीत सरळ बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. प्रेसमध्ये मी त्यांचे हात इतके रिकामे कधी पाहिले नव्हते.

"ते मी वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या. "वाचलं, पण मला लागलं नाही. साखरेनं बोटं गेली रे. वर्ष-सव्वा वर्ष झालं. आधी करंगळी, मग वाचायची ही दोन. आता ठिपके हातमोजे घालून चाचपल्यासारखे लागतात. मागच्या आठवड्यात गरम भांड्याला हात लागला, तर भाजलेलं मला कळलं नाही, वास आल्यावर कळलं."

‘व’ची शेवटची फाइल गेली. त्याबरोबर यंत्र बंद पडलं नाही, पण अडलं. पडद्यावर पट्टी जागच्या जागी थांबली.

"मग ‘श’पासून पुढचा ‘ए’ कसा काढलात?" मी विचारलं.

"पोपटाचं ऐकून. पोपटानं शब्द बरोबर म्हटला की काढायचा. रोज एक-दोन फाइली काढायच्या, म्हणजे कुणी विचारायला नको. सवयीनं काढला असं म्हणणार होते तुला. सवयीनं नाही, लाजेनं काढला. कुलूप होतंच. आत बघायला कोण येणार? झाकली मूठ."

एकदम खूप राग आला, आणि तो कुणाचा ते धड ठरेना. सव्वा वर्ष ही बाई असे हात घेऊन माझ्याबरोबर रोज एकाच टेबलावर जेवत होती. तिच्या मुलीला कळलं नव्हतं, मला कळलं नव्हतं.

त्या पुढे शांतपणे बोलत होत्या, जणू छपाईचं वेळापत्रक सांगत होत्या. तितका भाग डिस्कबरोबर गेला असं सांग. कुणाला संशय येणार नाही. दुसरं कुणीतरी चांगल्या बोटांचं माणूस तो पहिल्यापासून करेल, आणि ‘अ’ ते ‘व’ मी केलेला राहील. तो खरा आहे. तुझाही दोष त्यात झाकला जाईल, सगळं डिस्कवर जाईल.

हे शेवटचं त्या बोलायला नको होत्या, कारण तेच माझ्याही मनात येऊन गेलं होतं. डिस्क मेली, काही वाचलं, काही गेलं. यंत्र आहे, चालायचंच. तीन वर्षं निरोप न वाचणाऱ्या माणसाला यापेक्षा मऊ गादी कुठे मिळणार. मी फक्त काही न करता बसून राहिलो असतो तर पाच-दहा मिनिटांत ते आपोआप खरं झालं असतं. टकटक चालू होती.

मी उठून यंत्र बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. डिस्कवाल्यानं उगाच बंद-चालू करू नका असं बजावलं होतं, पण अडलेलं यंत्र तसंही पुढे जात नव्हतं. "त्यात टायपिस्टांच्या निम्म्या चुका तुम्ही काढल्या असतील, निम्म्या राहिल्या असतील," मी कपाटाकडे तोंड करून म्हणालो, कारण त्यांच्याकडे बघून बोलता आलं नसतं. "राहिलेल्या चुका कुणीतरी काढेल. जे पानच नाही, त्यातलं काय काढणार?"

यंत्र चालू व्हायला सहा मिनिटं लागली. त्या सहा मिनिटांत आमच्यापैकी कुणीही हललं नाही. मग पडद्यावर डिस्कचं नाव उमटलं आणि मी ‘श’ला हात घातला.

‘स’ अर्धा होईपर्यंत मी श्वास मोजत होतो. ‘ह’च्या चार फाइलींना यंत्रानं साफ नकार दिला, त्या सोडल्या. ‘ज्ञ’ची शेवटची फाइल नव्या डिस्कवर आली तेव्हा चार वाजून गेले होते. मी प्रती उघडून पाहिल्या, वीस-पंचवीस इकडच्या तिकडच्या. उघडल्या. थोड्या वेळानं कपाटातून एक लांब घरघर आली आणि आवाज बंद झाला. सासूबाईंनी मान वळवली. "गेली," त्या म्हणाल्या. चारशेतल्या चार सोडून सगळं आमच्याकडे होतं. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि मला रडू आलं. त्यांना ते ऐकू गेलं असणार.

संचालक बाहेरगावी होते, त्यांना मेल लिहायचा होता. मी लिहिला आणि सासूबाईंना वाचून दाखवला. सुरुवात अशी होती: ‘काही तांत्रिक कारणांमुळे शब्दकोशाचा बॅकअप होऊ शकला नव्हता.’

"तांत्रिक कारण म्हणजे कोण?" सासूबाईंनी विचारलं.

मी ते वाक्य पुसलं. मग लिहिलं की कुलूप लावताना बॅकअपला बाहेर मी ठेवलं, रोज येणारे निरोप तीन वर्षं मी वाचले नाहीत, आणि तपासनीसांनी विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आता माझं घे.

त्यांनी सांगितलं आणि मी उतरवलं. ‘अ’ ते ‘व’ तपासलेला आहे. ‘श’पासून पुढे तपासलेला नाही. मी म्हटलं, ‘अंशतः तपासलेला’ असं लिहूया, ते खोटं ठरत नाही.

"तपासलेला नाही, असंच लिही. कारण म्हणून लिही, बोटांना लागत नाही. आणि त्या फाइलींवर ‘ए’ परत लाव, म्हणजे पुढच्या माणसाला राहिलेल्या ऐकू येतील. मुलीला मी घरी सांगते. तू मध्ये पडू नकोस."

मी खुणा लावल्या, नव्या डिस्कवर, चारशे फाइलींना एका आज्ञेत. त्या काढायला त्यांना वर्ष लागलं होतं. मग त्यांनी कानाला पोपट लावला, मेल पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा ऐकला, आणि मला बाजूला व्हायला सांगितलं. पाठवायचं ते मीच पाठवते, म्हणाल्या. पोपट काढून टेबलावर ठेवला. तर्जनीनं कळांची रांग मोजत त्या एंटरच्या मोठ्या कळेपर्यंत आल्या, ती दाबली, आणि बोट तसंच तिच्यावर ठेवून बसल्या.

"दाबली गेली का रे?" त्यांनी विचारलं.

"हो, आई," मी म्हणालो. "गेला."